डिकीतली गोळ्यांची पट्टी



कृषी खात्याचा माणूस मोटारसायकलवरून तुमच्या अंगणात उतरला की त्याच्या डिकीत काय काय असते, हे तुम्हाला ठाऊक असते. मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, बियाण्यांच्या दोन-चार पुड्या, योजनांचे अर्ज, घडी पडलेले एखादे पत्रक. माझ्या डिकीत त्याशिवाय आणखी एक वस्तू कायम असायची. अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी. आधी डहाणू आणि नंतर तलासरी अशा दोन तालुक्यांत माझी नोकरी गेली. समुद्राकडच्या चिकूच्या वाड्यांपासून गुजरातच्या हद्दीवरच्या पाड्यांपर्यंत दिवसभर गाडी हाणायची, म्हणजे संध्याकाळी कंबर धरते. मग एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची की झाले. कोणी विचारले तर त्यालाही द्यायची. फवारणीच्या औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्याला किती मिलिलिटर, हे मी हजार वेळा सांगितले असेल. या गोळीचे प्रमाण मी कोणाला विचारले नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

आज शेतीवर लिहीत नाही. त्या पट्टीविषयी, आणि वय झाले की आपल्या मूत्रपिंडांचे काय होते याविषयी लिहितो आहे.

२०१९ सालचा आषाढ. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर चारसूत्री भातलागवडीचे प्रात्यक्षिक होते. ज्या बाबांच्या खाचरात ते घेतले ते वारली समाजातले, वय विचारले तर “सत्तर असेल, नाय तर पासष्ट” असे सांगणारे. अंगाने काटक. चिखलणीपासून आवणीपर्यंत सगळ्यांत पुढे. त्यांना दोन दिवस जुलाब होत होते, पण रोपे काढून ठेवली होती आणि पाऊस होता. अशा वेळी कोण घरी बसतो? दुपारी ते बांधावर टेकले आणि म्हणाले, “साहेब, कंबर लय दुखते. तुमची ती गोळी आहे का?” मी पट्टीच काढून दिली. आठ गोळ्या असतील. “सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या,” असे वर सांगितले, अगदी डॉक्टरच्या थाटात.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना लघवी होत नव्हती, तोंडावर सूज आली होती, काही खाल्ले की उलटी. तलासरीहून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. मी तिथे पोहोचलो तेव्हा डॉक्टर मुलाला विचारत होते, “कसल्या गोळ्या घेत होते?” मुलाने खिशातून रिकामी पट्टी काढली. ती मी ओळखली.

त्या डॉक्टरांनी मला रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी शांतपणे सांगितले की तीन गोष्टी एकत्र आल्या. वय, जुलाबाने आटलेले पाणी, आणि ही गोळी. यातली एकटी एखादी गोष्ट असती तर बाबांनी बहुधा सहन केली असती. चार वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करावे लागले, म्हणजे डायलिसिस. नंतर लघवी सुरू झाली आणि बाबा घरी आले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आणि डॉक्टरांना विचारत आलो. मी बी. एस्सी. ॲग्रिकल्चर झालेला माणूस, वैद्य नव्हे. त्यामुळे जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

माणसाला दोन मूत्रपिंडे. पाठीमागे, बरगड्यांच्या खालच्या कडेला, कण्याच्या दोन्ही बाजूंना. एकेक मुठीएवढे. दोन्ही मिळून वजन तीन मोठ्या चिकूंइतके असेल. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या तीन चिकूंकडे जातो. तरुण माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. फवारणीसाठी आपण २०० लिटरचे पिंप भरतो ना, जवळजवळ तेवढे. त्यातले लिटर-दीड लिटर लघवीवाटे बाहेर जाते. बाकीचे सगळे, त्यातले मीठ, साखर आणि उपयोगाचे क्षार यांच्यासह, शरीर पुन्हा आत ओढून घेते.

हे काम करणाऱ्या बारीक गाळण्या एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या घरात असतात. प्रत्येक गाळणीला एक लांब वळणावळणाची नळी जोडलेली. ज्यांच्या वाडीत ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. लाखो ड्रिपर बसवलेला संच समजा. फरक एवढाच की आपण चोंदलेला ड्रिपर काढून नवा बसवतो. इथे जन्माच्या वेळी जेवढे मिळाले तेवढेच. नवा एकही मिळत नाही.

वय वाढते तसे हे ड्रिपर बंद पडत जातात. किती, याचा एक चांगला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याला मूत्रपिंड दान करणाऱ्या सोळाशेवर निरोगी माणसांच्या तपासण्यांवर तो आधारलेला होता. अठरा ते एकोणतीस या वयाच्या दात्यांच्या एका मूत्रपिंडात सुमारे ९ लाख ९० हजार चालू गाळण्या होत्या. सत्तर ते पंचाहत्तर वयाच्या दात्यांमध्ये सुमारे ५ लाख २० हजार. लक्षात घ्या, ही सगळी तपासून, निवडून घेतलेली निरोगी माणसे होती. कोणताही आजार नसताना निम्म्याच्या आसपास गाळण्या काळाने नेल्या.

मग म्हातारपणी सगळ्यांचीच मूत्रपिंडे जातात का? तसे नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे निरोगी माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासत राहण्याचा एक जुना अभ्यास आहे. त्यातून १९८५ साली असे मांडले गेले की मूत्रपिंडांची गाळण्याची गती सरासरीने दरवर्षी मिनिटाला पाऊण मिलिलिटर कमी होते. तरुणपणी ती मिनिटाला १२० च्या आसपास असते. पण त्याच अभ्यासात तीनांतल्या एका माणसाची गती वयाबरोबर मुळीच घटलेली दिसली नाही. एकाच वेळी लावलेल्या दोन कलमांपैकी एक तीस वर्षांनी खंगते आणि दुसरे भरभरून फळ देते, तसेच हे. म्हणजे वय हे एक कारण आहेच, पण मुळांशी आपण काय घालतो यालाही महत्त्व आहे.

आता जरा आतल्या गोष्टीकडे वळू. थोडे किचकट आहे, पण सोडून चालणार नाही.

१८० लिटर गाळून त्यातले १७८ लिटर परत ओढून घेणे हे काम फुकट होत नाही. त्याला जळण लागते. मूत्रपिंडाच्या नळ्यांतल्या पेशींमध्ये बारीक बारीक चुली असतात, शास्त्रात त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्या अन्न आणि प्राणवायू जाळून शक्ती देतात. लग्नाच्या पंगतीच्या मांडवामागे ओळीने पेटलेल्या चुली डोळ्यांपुढे आणा. चूल म्हटली की ठिणग्या उडणारच. शरीरातल्या या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचे बिथरलेले कण. ते शेजारच्या पेशीच्या पडद्याला, प्रथिनाला, जिथे लागतील तिथे चटका देतात. कोयत्याला गंज चढतो, चिकू कापून ठेवला की त्याची फोड काळपट पडते, जुने तेल खवट होते, ही सगळी प्राणवायूचीच करणी. तोच आपल्याला जगवतो आणि तोच हळूहळू गंजवतो. म्हातारपणाचे मूळ या ठिणग्यांत आहे, अशी कल्पना डेनहॅम हर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडली. तेवढ्याने सगळे म्हातारपण समजते असे आज कोणी म्हणत नाही, पण मूत्रपिंडांच्या बाबतीत तिच्यात बरेच तथ्य आढळले आहे.

ठिणगी उडाली की विझवणारा माणूसही शरीराने ठेवलेला आहे. त्याचे एक नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेज. १९६९ साली त्याचे काम प्रथम कळले. तो तयार व्हायला तांबे, जस्त आणि मँगनीज लागते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या माझ्या व्याख्यानांना जे बसले आहेत त्यांनी ही नावे ओळखली असतील. पिकाच्या पानातही हाच माणूस पाणी विझवायला उभा असतो. तरुणपणी ठिणग्या आणि विझवणारे यांचा मेळ बसलेला असतो. वय वाढले की चुली जुन्या होतात, धूर जास्त आणि आच कमी. विझवणारेही थकतात. ठिणग्या वरचढ झाल्या की त्या स्थितीला शास्त्रज्ञ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आपण प्राणवायूचा ताण म्हणू. मूत्रपिंडाच्या गाभ्यात मुळातच प्राणवायूचा पुरवठा बेताचा असतो, त्यामुळे रक्त थोडे कमी पोहोचले तरी तिथे आधी झळ लागते. जळलेल्या जागी चट्टा पडतो आणि चट्टा पडलेली गाळणी कायमची बंद.

उरलेल्या गाळण्यांवर मग जास्तीचा भार येतो. निम्मे ड्रिपर चोंदले आणि पंपाचा दाब तोच राहिला तर काय होते? उरलेले ड्रिपर उडतात, लॅटरल फाटते. म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर मूत्रपिंडे लवकर झिजतात. मधुमेहाचेही तसेच. आपल्या देशात मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे हीच आहेत, आणि ती पाड्यावर नाहीत अशा समजुतीत कोणी राहू नये.

या ठिणग्यांचा खेळ ज्याला उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने पॅराक्वॅट हे तणनाशक मारलेले शेत आठवावे. सकाळी मारले की कडक उन्हात काही तासांतच पाने करपू लागतात. ते पानात शिरून असल्याच ठिणग्यांचा वणवा पेटवते. तेच औषध चुकून माणसाच्या पोटात गेले तर तोच वणवा फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत पेटतो, आणि त्यावर उतारा नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नका. हे विषयाबाहेरचे वाटेल, पण माझ्या नोकरीत हे सांगायचे राहून गेले असे व्हायला नको.

आणखी एक गंमत सांगतो. १९९७ साली जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांतला एक जनुक सापडला. तो बिघडला की उंदीर कोवळ्या वयातच म्हातारे होऊन मरत. त्यांनी त्याला क्लोथो हे नाव दिले. ग्रीक लोकांच्या पुराणात आयुष्याचा धागा कातणारी ती देवता, आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री कपाळावर लिहून जाणाऱ्या सटवाईची बहीण म्हणा ना. नंतर कळले की हे क्लोथो प्रथिन शरीरात मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते, ते ठिणग्यांपासून पेशींचे रक्षण करते आणि मूत्रपिंड झिजले की तेही कमी होते. म्हणजे वय मूत्रपिंडाला म्हातारे करते, आणि थकलेले मूत्रपिंड उलट सगळ्या शरीराला म्हातारे करते.

आता त्या गोळीकडे येतो.

शरीरातले पाणी आटले की मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी होते. तेव्हा मूत्रपिंड आपल्या पाटाचे तोंड स्वतःच रुंद करून घेते, म्हणजे येईल तेवढे पाणी तरी आत यावे. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, दुखणे थांबवताना नेमके हे तोंड रुंद करणारे द्रव्यच बंद पाडतात. भरपूर पाणी प्यायलेल्या तरुणाला एखाद्या गोळीने फारसे कळत नाही. जुलाबाने कोरड्या पडलेल्या सत्तरीच्या माणसाच्या मूत्रपिंडाचा पाट मात्र त्या गोळीने बंद होतो. बाबांचे हेच झाले.

ही गोळी काय करू शकते याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण माणसांचे नाही, गिधाडांचे आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात आकाश गिधाडांनी भरायचे. आज गिधाड दिसणे दुर्मीळ. १९९०च्या दशकापासून ती पटापट मरू लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे तर भारतात हजारात एखादे उरावे इतकी घटली. विष घातले म्हणावे, तर तेही सापडेना. अखेर २००४ साली पाकिस्तानातील गिधाडांच्या अभ्यासातून उलगडा झाला. दुखऱ्या गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते, आणि थोड्याच दिवसांत त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मेलेल्या गिधाडाच्या आतड्या-काळजावर चुन्यासारखा पांढरा थर सापडायचा, तो युरिक आम्लाचा. पुढे प्रयोगशाळेत गिधाडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पाहिले, तर त्या औषधाने तिथे याच ठिणग्या वाढत होत्या. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झाले. हे परिपत्रक मी स्वतः गोठ्यागोठ्यांतून समजावून सांगितले होते. आणि तेच औषध माझ्या डिकीत होते! माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण एकदाही माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी आल्या नाहीत, याचे मला आजही नवल वाटते.

उतारवयात आणखी एक अडचण असते. तहान कमी लागते. शरीर कोरडे पडले तरी जीभ सांगत नाही. दुसरीकडे जुन्या मूत्रपिंडाला लघवी दाट करून पाणी वाचवणे तरुणासारखे जमत नाही, म्हणून रात्री उठावे लागते. पुरुषांमध्ये त्यात प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीची भर. बाबांनी मला नंतर सांगितले, “रातीचं चार वेळा उठावं लागतं, म्हातारीची पण झोप मोडते. म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नव्हतो.” तुमच्या घरातही कोणी आजी-आजोबा असेच करत असतील. त्यांना विचारा, बहुतेक लाजून सांगत नाहीत. पाणी दिवसा जास्त आणि झोपण्याआधी कमी, असे करता येते. पाणी तोडणे हा उपाय नव्हे. अर्थात ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनीच पाणी मोजून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे.

आपल्या भागाला उन्हाचाही विचार करावा लागेल. भात झोडून झाले की आपले लोक वीटभट्टीवर जातात, गुजरातच्या बंदरांवर बोटीवर खलाशी म्हणून जातात, गवत कापायला जातात, कोणी मिठागरात राबतात. दिवसभर घाम, पाणी दूर, आणि संध्याकाळी अंग ठणकले की गोळी. आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात समुद्रकाठी उद्दानम नावाचा भाग आहे. नारळ, काजू, फणसाच्या बागा, आपल्या किनारपट्टीसारखाच हिरवा. तिथे शेतकरी-शेतमजुरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना ना मधुमेह ना रक्तदाब. तिथले नेमके एकच कारण अजून ठरलेले नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारे तिशी-पस्तिशीतले तरुणही याच प्रकारे गेले. तिथे मात्र रोजच्या रोज कडक उन्हात, पाण्यावाचून, अति कष्ट हे मोठे कारण असल्याचे पुरावे पुढे आले, आणि काही मळ्यांवर पाणी, विश्रांती, सावली अशी तीन कलमी शिस्त लावण्यात आली. आपल्या भट्टीच्या मुकादमाला हे सांगून पटेल का? मला शंका आहे. पण स्वतःच्या चिकूवाडीत मजूर लावणाऱ्या बागायतदाराला झाडाखाली माठ ठेवायला कोणाची हरकत आहे?

पावसाळ्याचे दोन शब्द. खाचरात उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप मूत्रपिंडावर उतरतो. घोणस चावली तरी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. दोन्हींत लघवी कमी झाली का याकडे लक्ष ठेवा आणि भगताकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरची लस तिथेच मिळते. आपल्या रानात सापसंद नावाची वेल आहे, साप चावल्यावर आणि पोटदुखीवर तिचे मूळ देतात. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते आणि ते मूत्रपिंडाला थेट मारक आहे. युरोपात डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या काही गावांत पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडे जात होती. शोध घेता घेता कळले की याच कुळातले एक तण गव्हात वाढत होते आणि त्याचे बी दळणात जात होते. खुरपणी नीट झाली नाही म्हणून मूत्रपिंडे गेली, असे उदाहरण मला शेतीशास्त्राच्या एकाही पुस्तकात शिकवले नव्हते.

तपासणी कोणती करावी, असे तुम्ही विचाराल. रक्तदाब, साखर, लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन. लघवीला फेस फार येत असेल, पायावर-तोंडावर सूज असेल तर थांबू नका. मात्र क्रिएटिनिनच्या आकड्यात एक खोच आहे, ती सांगितलीच पाहिजे. हे द्रव्य स्नायूंतून तयार होते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १ असेल तर त्याच्या मूत्रपिंडांची गती शंभराच्या वर भरते. सत्तरीच्या बाईचे तेच १ असेल तर गती साठीच्या आसपास निघते, आणि ती अगदीच सुकलेली, वाळलेली असेल तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी असू शकते. कागदावर दोघांचाही आकडा ‘नॉर्मल’ या रकान्यात बसतो. म्हणून आकड्यावरून वयानुसार गती काढून द्या, असे डॉक्टरांना सांगा.

माझेच पाहा. बाबांच्या प्रकरणानंतर मीही रक्त दिले. क्रिएटिनिन १.४. प्रयोगशाळेच्या माणसाने “थोडेसेच वर आहे” म्हणून कागद हातात ठेवला. डॉक्टरांनी वय घालून हिशेब केला तर गती साठीच्या आत! वीस वर्षे घेतलेल्या गोळ्या आणि अंगावर काढलेला रक्तदाब. मी सही करताना दर महिन्याला पगाराचा आकडा तपासत होतो, हा आकडा कधी पाहिला नव्हता. आता गोळी बंद आहे, रक्तदाबाचे औषध चालू आहे, आणि गेल्या दोन वर्षांत गती घसरलेली नाही. गेलेली परत आलेली नाही, तशी यायचीही नाही.

बाजारात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून डबे विकायला येतात. ठिणग्या विझवतात म्हणे. मलाही मोह झाला होता. पण व्हिटॅमिन ई च्या मोठ्या चाचणीत त्याने मूत्रपिंडांना फायदा झालेला दिसला नाही. ठिणग्यांविरुद्ध शरीराची ताकद वाढवणारे बार्डोक्सोलोन नावाचे औषध मोठ्या आशेने आणले होते. हृदयाचा त्रास वाढतो असे दिसल्यामुळे त्याची चाचणी २०१२ साली मध्येच थांबवावी लागली. व्हिटॅमिन सी च्या भरमसाट गोळ्यांनी तर उलट मूतखडे होतात. त्यापेक्षा परसातली शेवग्याची पाने, आवळा, कडधान्ये, रानभाज्या बऱ्या. विडी, तंबाखू आणि मशेरी सुटली तर ठिणग्यांचे अर्धे जळण गेले असे समजा. मीठ कमी. आपल्याकडे सुकट, सुके बोंबील आवडीचे, त्यांत मीठ किती असते ते तुम्ही जाणता. आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत त्यांनी कमरख हे फळ अजिबात खाऊ नये, त्यातले विष मेंदूवर जाते. चिकूचे विचाराल तर रक्तातले पोटॅशियम पाहून डॉक्टर सांगतील तेवढा.

माझ्या डिकीत आता पट्टीच्या जागी जलसंजीवनीची पाकिटे असतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब-उलट्या लागल्या की हे आधी. अंगदुखीची गोळी त्या दिवसांत मुळीच नाही, आणि रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर ती त्या दिवसांत घ्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारून.

बाबा आहेत. क्रिएटिनिन १.९ वर थांबले आहे, गती चाळिशीच्या आत. आवणीला आता बांधावर बसून मुलांना ओरडतात. मी गोळी दिली म्हणून झाले, हे त्यांना सांगायला मला चार महिने लागले. ते ताडाखाली बसले होते. ऐकून घेतले आणि म्हणाले, “मागितली तर मीच ना.” मग थोड्या वेळाने विचारले, “माझ्याकडच्या दोन उरलेल्या गोळ्या सुनेने बाळंतपणानंतर पाठीसाठी ठेवल्यात, त्याचं काय करू?” त्या आम्ही दोघांनी मिळून घरातून शोधून काढल्या, आढ्याला खोचलेल्या पिशवीत होत्या.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला मी त्यांना गाडीवरून नेतो. दोघांचेही रक्त एकाच दिवशी देतो. आता भात कापणीच्या आधी एकदा जायचे आहे.